९ × १५ मीटरचा प्लॉट, तळ + पहिला मजला: प्लॅन सादर करण्याआधी कुठे अडेल?

काटकोन_७ (प्रश्न)

नगर परिषद हद्द, दाटवस्तीबाहेरचा प्लॉट. मोजणीप्रमाणे ९.०० × १५.०० मी., पूर्वेला ९ मीटरचा रस्ता. यूडीसीपीआरच्या (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) तक्त्याप्रमाणे पुढे ३.०० आणि दोन्ही बाजूंना व मागे १.५० मी. सोडले आहेत. उरलेल्या ६.०० × १०.५० मध्ये प्लॅन असा बसवला आहे:

बाहेरच्या भिंती २३० मिमी, आतल्या ११५. पुढच्या भागात हॉल ३.०२५ मी. रुंद आणि त्याला लागून बेडरूम २.४० × ४.००, म्हणजे ९.६० चौ.मी. किमान ९.५ चौ.मी. आणि २.४ मी. रुंदी, दोन्ही पाळल्या आहेत. मधोमध जिना १.९० मी. रुंद, १५ चढ (पायरीची उभी उंची) २०० मिमीचे, पायरी (पाय ठेवायची आडवी जागा) २५० मिमी, मजल्याची उंची ३.०० मी. जिन्याच्या लँडिंगखाली (वळणावरच्या सपाट भागाखाली) पाहुण्यांसाठी संडास. बेडरूमला जोडून टॉयलेट १.२० × २.१०, ते मधे येत असल्याने ०.६ × ०.९ चा डक्ट (हवा आणि पाइपसाठीची उभी मोकळी जागा) दिला आहे. मागे स्वयंपाकघर. कॉलम २३० × ३८०, सगळे भिंतीत लपवलेले.

एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम क्षेत्र) शिल्लक राहतोय, तरी खोल्या दाटीच्या वाटतात. नियमात काय बसत नाही आणि नव्याने मांडायचे तर कुठून सुरुवात करू? मालकांना वर दोन बेडरूम हव्यात.

---

ओळंबा

एफएसआयचे आधी संपवू. १३५ चौ.मी. प्लॉटवर १.१ ने १४८.५ चौ.मी. होतात. तुम्ही दोन मजले मिळून १२६ वापरताय. म्हणजे या प्लॉटवर अडवणूक एफएसआयची नाही, सामासिक अंतरांची (सीमेपासून मोकळ्या सोडायच्या जागेची) आहे. एफएसआय उरला म्हणून खोल्या मोठ्या होणार नाहीत, कारण घर आडवे वाढूच शकत नाही. फक्त लक्षात असू द्या, यूडीसीपीआरमध्ये मोजणी पी-लाइनने (मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या रेषेने) होते. पूर्वी बाल्कनी, जिना वगळून हिशेब व्हायचा. आता पी-लाइनच्या आत आलेले सगळे धरायचे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्लॅनमधली सगळी मापे विटेपासून विटेपर्यंतची आहेत. नियम मात्र तयार झालेल्या घराची मापे पाहतो. आतल्या प्लास्टरचे १२ मिमी दोन्ही बाजूंनी धरले, की बेडरूमची २.४० रुंदी २.३७६ होते आणि ४.०० लांबी ३.९७६. क्षेत्रफळ ९.४४७. कागदावर ९.६० दिसणारी खोली रुंदीतही नापास आणि क्षेत्रफळातही. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी टेप लावला तर हे २४ मिमी कुठून आणणार?

बाहेरच्या बाजूलाही तेच. दोन कोटांचे प्लास्टर २० मिमी धरा. भिंत बरोबर १.५० वर उभी केली, तर तयार झाल्यावर अंतर १.४८ उरते. शिवाय जागेवर आखणी करताना सुतळी सेंटिमीटरभर तरी सरकतेच. म्हणून विटेची बाहेरची कड सीमेपासून १.५५ वर धरा, पुढे ३.०५. बांधकामाचे माप ६.०० × १०.५० ऐवजी ५.९० × १०.४० होईल. प्रत्येक बाजूचे पाच सेंटिमीटर गेले म्हणून मालक कुरकुरतील, पण जोते तपासणीच्या वेळी सगळ्यात महाग पडते ते हेच माप. जोते भरल्यावर भिंत सरकत नाही.

मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) हातात आहे ना? सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि मोजणीचे क्षेत्र वेगळे असेल तर कमी असलेले धरून हिशेब करा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजा. ९.०० × १५.०० च्या काटकोनी प्लॉटचा कर्ण १७.४९ यायला हवा. मागची बाजू ८.९० भरली तर सामासिक अंतर सीमेशी काटकोनात मोजायचे, रस्त्याशी समांतर नाही. अशा वेळी घर आयताकृती ठेवायचे असेल तर अरुंद बाजू हिशेबात घ्यावी लागते.

मांडणी मी अशी करेन. आतून विटेपासून विटेपर्यंत ५.४४ × ९.९४ मिळतात. त्याच्या लांबीत तीन पट्ट्या पाडा: पुढची ४.००, मधली ३.४०, मागची २.३१, मधल्या दोन भिंती ११५ च्या. बेरीज बरोबर ९.९४.

पुढच्या पट्टीत हॉल आणि जिना शेजारी-शेजारी: हॉल ३.३७५, भिंत ०.११५, जिना १.९५. जिना पुढे घेतला की उद्या वरचा मजला वेगळा वापरायचा झाला तरी घरातून जावे लागत नाही. मधल्या पट्टीत बेडरूम २.९२५ × ३.४० आणि स्वयंपाकघर २.४० × ३.४०. प्लास्टरनंतर बेडरूम २.९०१ × ३.३७६, म्हणजे ९.७९ चौ.मी. स्वयंपाकघर ८.०२ चौ.मी. राहते. तिथेच जेवायचे असेल तर राष्ट्रीय इमारत संहितेत ७.५ चौ.मी. आणि २.१ मी. रुंदी लागते, ती मिळते. दोन्ही खोल्यांना बाजूच्या मोकळ्या जागेवर थेट खिडकी येते. मागच्या पट्टीत सगळे ओले काम: दोन्ही टॉयलेट, धुण्याची जागा. त्यांना बाहेरची भिंत मिळते, म्हणून डक्टच लागत नाही.

तुमचा ०.६ × ०.९ चा डक्ट तसाही चालला नसता. १० मी. उंचीपर्यंतच्या इमारतीला संहितेत डक्टचे किमान क्षेत्र १.२ चौ.मी. आणि कोणतीही बाजू ०.९ मी. पेक्षा कमी नको. त्यासाठी ०.९ × १.३५ सोडावे लागले असते. एवढ्या लहान घरात ती जागा वाया घालवणे मला पटत नाही. आणि डक्ट दिलाच तर खालून आत शिरून पाइप दुरुस्त करायला दार हवे.

टॉयलेट १.२० × २.१० म्हणजे २.५२. न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर २.८ चौ.मी. आणि रुंदी १.२ लागते. इथे प्लास्टरऐवजी टाइलची जाडी धरायची, मसाल्यासकट प्रत्येक बाजूला २५ मिमी. मागच्या पट्टीत १.३५ × २.३१ विटेचे माप ठेवा, टाइलनंतर १.३० × २.२६ म्हणजे २.९४ मिळतात. झरोका किमान ०.३ चौ.मी. आणि कोणतीही बाजू ०.३ मी. पेक्षा कमी नाही.

खिडक्यांबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण छाननीत हे हमखास निघते. संहितेत उष्ण-कोरड्या हवामानाला जमिनीच्या क्षेत्राचा एक-दशांश आणि उष्ण-दमट हवामानाला एक-षष्ठांश आहे. एक-षष्ठांशावर काम केले की कुठेच अडत नाही. चौकटीसह खिडकीचे माप धरायचे, दार धरायचे नाही. खिडकीचा काही भाग पक्क्या काचेचा असेल तर उघडणारा भागच मोजायचा. बेडरूमला ९.७९ ÷ ६ = १.६३ चौ.मी. हवे. नेहमीची १.२० × १.३५ ची खिडकी १.६२ भरते, म्हणजे थोडक्यात हुकते. १.५० × १.२० घ्या. स्वयंपाकघराला संहितेत निदान १ चौ.मी. ची खिडकी थेट मोकळ्या जागेवर लागते, डक्टवर चालत नाही. शिवाय एक-षष्ठांशाचे १.३४ पुरे करायचे तर १.२० × १.२० लागेल. ओट्यामुळे तिची खालची कड १.०५ च्या आसपास येते. दाराचा लिंटेल (वरची आडवी पट्टी) २.१० ला आणि खिडकीचा २.२५ ला अशा दोन पातळ्या झाल्या तर चालतील, पण मग सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) तसे दाखवा.

---

जोते_पातळी

ओळंबा यांनी जिना सोडला, तो मी घेतो. प्लॅन नाकारला जाण्यापेक्षा घर बांधून झाल्यावर पस्तावायला लावणारी ही जागा आहे.

२०० चा चढ चालत नाही. घरगुती जिन्याला चढ १९० च्या वर नको, पायरी २५० च्या खाली नको. ३००० ÷ १९० = १५.८, म्हणून १६ चढ, प्रत्येकी १८७.५. दोन फ्लाइट (पायऱ्यांचे सलग टप्पे) ८ + ८. प्रत्येक फ्लाइटमध्ये पायऱ्या सात (आठवी म्हणजे लँडिंगच), म्हणून आडवी लांबी ७ × २५० = १.७५ मी. लँडिंग ०.९५ आणि जिन्यापुढे उभे राहायची जागा निदान १.०० धरली तर ३.७० होतात. ४.०० च्या पट्टीत आरामात बसते. रुंदी १.९५ मधून प्लास्टरचे २४ मिमी गेले, मधली फट १०० ठेवली, तर प्रत्येक फ्लाइट ०.९१ मिळते. तुमच्या १.९० मध्ये ती ०.८९ झाली असती. लहान घराला याहून कमी रुंदी नियमात बसत असली, तरी ०.९ च्या खाली गेलात तर लाकडी कपाट वर चढवताना वळणावर अडते.

आता लँडिंगखालचा संडास. लँडिंगची तयार पातळी ८ × १८७.५ = १५००. त्यातून ४५ फिनिश (वरचा दगड मसाल्यासकट) आणि १५० स्लॅब वजा केले, की खाली उंची उरते १३०५ मिमी. संडासाला २.१ मी. आणि जिन्याखालून ये-जा करायची असेल तर २.२ मी. लागते. वरच्या फ्लाइटखाली सरकवला तरी बघा: १८७.५ ला २५० म्हणजे उतार बरोबर तिनास चार, त्यामुळे १५० च्या वेस्ट स्लॅबची (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची) उभी जाडी १८७.५ होते. फिनिश धरून २.१ मी. उंची लँडिंगच्या कडेपासून साधारण १.११ मी. पुढे गेल्यावर मिळते. १.७५ च्या फ्लाइटमध्ये कामाचा उरतो शेवटचा ०.६४ मी. त्यात संडास बसत नाही. तिथे इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, चपलांचे कपाट ठेवा. काही जण जमीन ४५० ने खाली घेऊन संडास बसवतात. मग तो जोत्याच्या खाली, आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीवर येतो आणि पावसाळ्यात चेंबर भरला की पाणी उलटे आत येते. ते करू नका. पाहुण्यांचा संडास मागच्या पट्टीतच ठेवा.

आणि एक तपशील ड्रॉइंगवर लिहाच, कारण जागेवर सेंट्रिंगवाला (काँक्रीटचे साचे लावणारा) तो विचारत नाही. समजा खोल्यांची फरशी मसाल्यासकट ७५ मिमी आणि पायरीवरचा ग्रॅनाइट मसाल्यासकट ४५. सगळे चढ काँक्रीटमध्ये १८७.५ चे ओतले, तर तयार झाल्यावर पहिला चढ १५७.५ आणि शेवटचा २१७.५ होतो. शेवटचा नियमाबाहेर, आणि माणूस नेमका तिथेच अडखळतो. म्हणून काँक्रीटमध्ये उलट ठेवायचे: पहिला २१७.५, मधले चौदा १८७.५, शेवटचा १५७.५. वर्किंग ड्रॉइंगमध्ये (जागेवर बांधण्यासाठीच्या नकाशात) जिन्याचा सेक्शन १:२० ला वेगळा काढा आणि त्यात काँक्रीटच्या व फिनिशच्या पातळ्या दोन्ही द्या.

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ४५० वर. रस्ता पुढे डांबरीकरणात उंचावतो, म्हणून रस्त्याच्या मध्यापासून ६०० घेतलेत तर बरे. गच्ची आणि बाल्कनीचा कठडा फिनिशपासून १.०० ते १.२० मी.

---

काटकोन_७

दोघांचेही आभार. दोन शंका. वरच्या बेडरूमला बाजूच्या १.५० मध्ये बाल्कनी बाहेर काढता येईल का? आणि मधल्या पट्टीत एखादी खोली ‘स्टडी’ लिहून ९.५ पेक्षा लहान ठेवली तर?

---

ओळंबा

बाल्कनी नाही. त्या अंतरात छज्जा ०.७५ मी. पर्यंत येऊ शकतो, त्यावर पाय ठेवायची सोय करायची नाही. बाल्कनी हवी तर पुढच्या बाजूला भिंत आत घेऊन इमारतीच्या रेषेतच काढा. एफएसआय तुमच्याकडे आहे.

स्टडीही राहण्याची खोलीच धरली जाते, नाव बदलून सुटका नाही. संहितेत दुसरी खोली ७.५ चौ.मी. आणि २.१ मी. रुंदीची चालते, पण राज्यात ९.५ आणि २.४ धरूनच चला. स्टोअर लिहायचे असेल तर ते खरेच स्टोअर हवे, निदान ३ चौ.मी. पुढे त्यात पलंग टाकणार हे माहीत असताना तसे लिहिणे म्हणजे बिनखिडकीच्या खोलीत माणूस झोपवणे आहे. ड्राफ्ट्समनने त्याला हातभार लावू नये.

---

सळई_आणि_कडी

मांडणी चांगली आहे, पण त्यावर कॉलम बसवल्याशिवाय ती पक्की धरू नका.

२३० × ३८० कॉलम. तुमचे गाव भूकंपक्षेत्र ३ किंवा त्यावर असेल (कोकण, पुणे, कोयना परिसर या सगळ्यांत येते) तर आयएस १३९२० च्या (भूकंपाला टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक) २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे कॉलमची लहान बाजू ३०० च्या खाली नको, आणि तुळईतल्या सर्वांत जाड सळईच्या वीसपटीपेक्षा कमी नको. तुळईत १६ ची सळई आली की ३२० झाले. म्हणजे २३० च्या भिंतीत कॉलम लपत नाही, ७० ते ९० मिमी खोलीत येतो. बाहेर काढायचा म्हटले तर सामासिक अंतर खाल्ले जाते. तेव्हा बाहेरची कड विटेशी जुळवा, लांब बाजू भिंतीच्या दिशेने ठेवा आणि आत आलेला भाग कोपऱ्यात, कपाटाशेजारी किंवा दारामागे जिरवा. स्वयंपाकघर प्लास्टरनंतर २.३७६ आहे. तिथे कॉलम आला तरी २.१ च्या वर राहते, चालेल. बेडरूमला २.९ मिळाले आहेत, तिथेही हरकत नाही. तुमच्या मूळ २.४० च्या बेडरूममध्ये हेच कॉलम आले असते तर काय झाले असते ते बघा.

रुंदीत मधे कॉलम नकोच. ५.९० मी. ची रुंदी एका तुळईने पार होते. खोली साधारण ४५० येईल, नक्की आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअर देतील. उंचीचा हिशेब मात्र आत्ताच करा: ३००० मधून वरची फरशी ७५ आणि स्लॅब १२५ गेला, स्लॅबखाली २८०० राहिले. किमान २७५० लागते, म्हणजे ५० मिमीसुद्धा नीट हातात नाहीत, प्लास्टर अजून जायचे आहे. तुळईखाली २९२५ − ४५० = २४७५, तिथे २४०० चालते. पीओपीची छत मालकांना हवी असेल तर मजल्याची उंची आजच ३.१५ करा. मग जिना १७ चढांचा, १८५.३ मिमीचा होतो आणि एका फ्लाइटमध्ये एक पायरी वाढते. नंतर हे बदलता येत नाही.

एक दुरुस्ती: जिना आणि हॉलमधली भिंत ११५ ची ठेवली आहे. लँडिंगचा भार त्या भिंतीवर टेकवता येत नाही. ती २३० करा, हॉल ३.२६ होईल. नाहीतर लँडिंगच्या तुळईला स्वतंत्र आधार काढावा लागतो आणि तो हॉलमध्येच दिसतो.

तळमजल्याच्या ज्या भिंती रेषेत आहेत त्याच वरच्या मजल्यावर न्या. वर दोन बेडरूम हव्यात तर एक बेडरूमवर आणि दुसरी हॉलवर येते. टॉयलेट टॉयलेटवरच. स्वयंपाकघरावर टॉयलेट येता कामा नये. सांडपाण्याचा पाइप ओट्यावरून नेण्याची वेळ येते आणि ती गळती वर्षानुवर्षे सापडत नाही. टॉयलेटचा स्लॅब ३०० ने खाली घ्यायचा असेल तर तो तुळईच्या ड्रॉइंगमध्ये आधीपासून हवा.

---

थर_आणि_रंग

ड्रॉइंगच्या बाजूने थोडे. ऑनलाइन छाननीत सॉफ्टवेअर तुमचा प्लॅन वाचते, पाहत नाही. म्हणून मीटरमध्ये काढा, प्रत्येक खोली, प्लॉट, सामासिक अंतर आणि पी-लाइन ठरवून दिलेल्या लेयरवर (कॅड ड्रॉइंगच्या थरावर) बंद पॉलिलाइनने (सलग जोडलेल्या रेषेने). खोलीचे नाव त्या पॉलिलाइनच्या आत पडायला हवे. पॉलिलाइनचे टोक एका मिलिमीटरने उघडे राहिले, एकावर एक दोन रेषा आल्या, किंवा सर्व्हेमधून आलेल्या रेषेला झेडची (उंचीची) पातळी असली, तर क्षेत्र शून्य येते आणि कारण कळत नाही. सादर करण्याआधी ओव्हरकिल, ऑडिट, पर्ज (ड्रॉइंग साफ करायच्या कॅडमधल्या आज्ञा) चालवा आणि सगळ्या रेषा झेड शून्यावर आणा. सर्वांत वाईट सवय म्हणजे डायमेन्शनचा आकडा हाताने बदलणे. रेषा २.३७६ ची आणि वर २.४० टाइप केलेले, हे सॉफ्टवेअरला दिसते २.३७६ च.

त्यामुळे सबमिशनच्या प्लॅनमध्ये खोलीची पॉलिलाइन प्लास्टरच्या आतल्या कडेने काढा. वर्किंग ड्रॉइंग मात्र विटेच्या मापाने आणि सेंटरलाइनने. दोन्ही एकाच शीटवर मिसळू नका. गवंड्याला फक्त विटेचे माप दिसले पाहिजे.

इमारतीचा प्लॅन १:१००, साइट प्लॅन १:५००. रंग ठरलेले आहेत: प्लॉटची हद्द जाड काळी, असलेला रस्ता हिरवा, बांधकामाची मर्यादा जाड तुटक काळी, नवे काम लाल, पाडायचे असेल ते पिवळ्या तिरप्या रेघांनी, सांडपाणी लाल तुटक, पाणीपुरवठा बारीक काळी तुटक. उत्तर दिशा आधी टाका. मालकांना स्वयंपाकघर आग्नेयेला हवे असते आणि पट्ट्या ठरल्यावर ते सांगितले तर सगळा प्लॅन उलटवावा लागतो. तुमचा रस्ता पूर्वेला आहे, म्हणजे ओळंबांच्या मांडणीत स्वयंपाकघर मधल्या पट्टीत दक्षिणेला येईल, अगदी कोपऱ्यात नाही. हे मालकांशी आज बोला.

सेक्शन जिन्यातून आणि टॉयलेटमधून जाईल असाच कापा. त्यात जोते, सिल (खिडकीची खालची कड), लिंटेल, स्लॅबची खालची कड, कठडा या सगळ्यांच्या पातळ्या ±०.०० पासून. दारे-खिडक्यांचा तक्ता: डी १.०० × २.१०, डी-१ ०.९० × २.१०, डी-२ ०.७५ × २.१०, मग खिडक्या, मग झरोके. प्लॅन जमिनीपासून सुमारे १.२ मी. वर कापला असे धरतात, म्हणून टॉयलेटचा झरोका त्या रेषेच्या वर असेल तर तो तुटक रेषेने दाखवा.

पार्किंग राहिले. गाडीची जागा २.५ × ५.० मी. पुढच्या ३.०० मध्ये ती सरळ बसत नाही आणि बाजूच्या १.५० मधून जात नाही. रस्त्याला समांतर, ९ मीटरच्या रुंदीत आडवी बसते. त्यासाठी फाटक टोकाला आणि निदान ३.५ मी. चे घ्या, आणि हॉलच्या पायऱ्या त्या पाच मीटरच्या बाहेर ठेवा. जोते ६०० घेतलेत तर पायऱ्या चार होतील, त्या जिन्याच्या बाजूला वळवा.